बी.एड. करतेय : टेक्नॉलॉजी, शिक्षकांचे ग्रुप... शिकायचं नक्की कुठून?

पाटीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड विज्ञान आणि गणित. सध्या जत तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आंतरवासिता (शाळेत राहून शिकवण्याचा सराव) चालू आहे, आठवी-नववीवर तास मिळतात.

तर विषय असा. आम्हाला आयसीटीचा पेपर आहे, 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन' असं भारदस्त नाव. त्यात टीपॅक नावाची एक आकृती असते, तीन वर्तुळं एकमेकांत अडकलेली, आशय, अध्यापनशास्त्र आणि तंत्रज्ञान, आणि मधल्या तुकड्यात जो उभा राहील तो चांगला शिक्षक. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली मांडलेली. झोपेतून उठवून विचारलंत तरी काढून दाखवेन. पण इंटरॅक्टिव्ह पॅनलवर पाठ घ्यायची माझी पाळी आली तेव्हा पॅनलच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मग छापील तक्त्यावर पाठ घेतला, मार्क मिळाले, 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यातही मिळाले!

आणि बाहेर बघावं तर नुसता पूर आलाय. टेलिग्रामवर पाठांच्या टाचणांची चॅनेलं, व्हॉट्सॲपवर जिल्ह्याचे-तालुक्याचे-विषयाचे ग्रुप, यूट्यूबवर नवोपक्रम, 'दीक्षा' आणि 'स्वयं' या सरकारी साइटींवरचे कोर्स आणि त्यांची सर्टिफिकेटं. यात एका सीनियर मैत्रिणीने मला एका छोट्या ग्रुपात घातलं, दहा-बारा विज्ञान शिक्षक आहेत, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, बहुतेकांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं पण नाही. खरं सांगू का, पाठ कसा घ्यायचा हे मी तिथे जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या वर्गात बसून नाही शिकले. आमच्या मॅडम रागावतील, पण त्या इथे नसाव्यात.

माझं मत असं झालंय की हातात यंत्र कुठलंही असो, अडल्यावर विचारायला कोण आहे यावर सगळं ठरतं. तुमचा अनुभव काय? शिक्षक असाल, होतात, किंवा व्हायचं राहून गेलं असेल तरी लिहा.

चहाबाज

तक्त्यावर पाठ आणि तंत्रज्ञानाचे मार्क =)) वाचनखूण साठवली.

खडूफळा

ताई, धाग्याला शुभेच्छा, पण थोडं थंड पाणी ओततो.

मी जिल्हा परिषदेत प्राथमिकला, धडगावच्या डोंगरात. शाळेच्या नावाने फोनमध्ये ग्रुप किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. केंद्राचा, बीटचा (म्हणजे शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, पोषण आहाराचा, शाळेची आकडेवारी भरायच्या यू-डायसचा, संघटनेचे दोन (संघटना फुटली ना), मतदारयादीच्या कामाचा म्हणजे बीएलओचा, आणि जुन्या ग्रुपमध्ये जागा संपली म्हणून निघालेले नवीन. यातला शिकवण्याबद्दल बोलणारा एखादाच. बाकी सगळीकडे 'अत्यंत तातडीचे, आज पाचपर्यंत माहिती भरावी', खाली लिंक, लिंकखाली पंचवीस अंगठे. सकाळी सुविचार, दुपारी लिंक, रात्री वाढदिवसाचा केक. तुम्ही याला शिकण्याचं जाळं म्हणा, मला तर ते मासे धरायचं वाटतं आणि मासा मी आहे.

त्यात आमच्याकडे रेंज टेकडीवर. 'पाचपर्यंत भरा' म्हटलं की चारला वर्ग सोडून टेकडीवर जायचं. तुमच्या त्या तीन वर्तुळांत टेकडी कुठे बसते ते जरा मॅडमना विचारून सांगा.

आगाऊ_कार्टं

टेकडी मधल्या तुकड्यात. तिथेच चांगला शिक्षक उभा असतो, फोन वर धरून.

निवृत्त_मास्तर

पॅनलच्या किल्लीचं वाचून हसू आलं. बालचित्रवाणी आठवते का कुणाला? १९८४ ला पुण्यात सुरू झाली, २०१७ ला बंद. आमच्या शाळेला त्यासाठी टीव्ही आला होता. तो लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि कार्यक्रमाच्या वेळेला लाइट नाही. तरी जेव्हा कधी लागायचा तेव्हा पोरं खिडकीत बसून बघायची, हे पण सांगायला पाहिजे. कार्यक्रम चांगले असायचे.

पण पाटीवाली, तुझा मुद्दा जुनाच आहे हो. शिक्षकांनी एकमेकांना विचारायचं हे काही व्हॉट्सॲपने आणलेलं नाही. शालापत्रक नावाचं मासिक शिक्षकांसाठीच निघायचं एकोणिसाव्या शतकात, कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री, दोघंही चिपळूणकर त्याचे संपादक होते. ताराबाई मोडकांच्या 'शिक्षणपत्रिके'चे गठ्ठे आमच्या अध्यापक विद्यालयात होते, त्यात मुलं वर्गात प्रत्यक्ष काय करतात ते लिहिलेलं असायचं, मी कोपऱ्यात बसून वाचायचो. आणि महिन्याला केंद्र संमेलन. एक जण नमुना पाठ घ्यायचा, बाकीचे मागे बसून बघायचे, मग झोडपायचे. नंतर जेवण. झोडपून घेतल्यावर जेवण गोड लागायचं.

केळशीकर

मास्तरांना मोदक.

जाता जाता, संमेलनातल्या जेवणाचाच एक वेगळा धागा निघू शकतो. आमच्याकडे उकडीचे असायचे.

आगाऊ_कार्टं

झालं, दहा प्रतिसादांत धागा पाककृती विभागात.

वायरमन_दादा

ताई, ग्रुपमधून लई शिकले म्हणताय तर एक उदाहरण द्या की. नुसतं 'खूप काही शिकायला मिळालं' हे तर निरोप समारंभात पण म्हणतात.

पाटीवाली

दादा, बरोबर पकडलंत. ऐका, लांबण आहे.

आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' घेत होते. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सेलमधून करंट निघतो, पहिला बल्ब त्यातला थोडा खातो आणि उरलेला पुढच्याला मिळतो. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवला, मुलांनी मन लावून बघितला, दुसऱ्या दिवशी विचारलं तर उत्तर तेच. पहिला जास्त खातो. ग्रुपवर टाकलं. मेळघाटातले एक सर आहेत, ते म्हणाले व्हिडिओ राहू दे बाजूला, आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या की दोन बल्ब एकसर (एकापुढे एक) जोडले तर कुठला जास्त पेटेल आणि का. लिहिल्यावरच जोडायचं. लिहिलं नाही की मुलं नंतर म्हणतात 'आम्हाला माहीतच होतं'.

तसं केलं. पाऊणएक वर्गाने लिहिलं पहिला जास्त. जोडणी केली आणि घ्या, पहिलाच बल्ब ठणठणीत पेटला आणि दुसरा मिणमिण! मागच्या बाकावरून आवाज, 'बघा, म्हटलं नव्हतं?' सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय आणि निरीक्षणाला आलेल्या मॅडम वहीत लिहितायत.

मधल्या सुट्टीत फोटो टाकला. बुलढाण्याकडच्या एक मॅडम आहेत, त्यांचं एका ओळीत उत्तर, 'बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचा, मग जागा बदलून बघा.' त्या पितळी टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात. एकावर २.५ व्होल्ट, दुसऱ्यावर ३.८. प्रयोगशाळेच्या डब्यात दोन जातींचे बल्ब मिसळलेले होते. पुढच्या तासाला काही न बोलता फक्त दोन्हींची अदलाबदल केली. जो ठणठणीत होता तो दुसऱ्या जागी जाऊनही ठणठणीतच. मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, 'मग ही बल्बची खोड आहे, जागेची नाही.' मग दोन सारखे बल्ब लावले, दोन्ही सारखेच मंद.

हे पुस्तकात नाही, व्हिडिओत नाही, पेपरात तर नाहीच. ज्याच्या वर्गात हे घडून गेलंय त्यालाच माहीत असतं.

वायरमन_दादा

आता कसं! एक नंबर.

यात अजून भर घालतो. पुढच्या वर्षी तुम्हाला असे टॉर्चचे बल्ब मिळायची मारामार होणार, सगळ्या बॅटऱ्या एलईडीच्या झाल्यात. आणि एलईडी घेऊन हा प्रयोग करायला जाल तर फजिती होईल. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, दोन एकसर जोडून दोन पेन्सिल सेल लावले तर एक पण पेटणार नाही आणि तुमची पोरं म्हणतील पहिल्याने सगळंच खाल्लं. वर त्याची उलटसुलट बाजू सांभाळा. त्यापेक्षा मोटरसायकलचे पार्किंगचे बल्ब घ्या, १२ व्होल्ट ५ वॉटचे, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, होल्डरसकट मागा. एकाच पाकिटातले घ्या म्हणजे खोड सारखी. बॅटरी कुठल्याही गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी आणा.

केळशीकर

दादा, मोटरसायकलची बॅटरी आठवीच्या मुलांच्या हातात? चुकून दोन वायरी एकत्र टेकल्या तर वायर लाल होते. मध्ये फ्यूज टाका आणि जोडणी शिक्षकांनीच करा.

वायरमन_दादा

फ्यूज पाहिजेच, सहमत. लिहायचं राहिलं.

टोरांटोकर

छान धागा. मी इथे हायस्कूलला गणित शिकवतो, त्याआधी ठाण्यात पाच वर्षं शिकवलंय.

पाटीवाली म्हणतेय त्याला सिद्धांताची बाजू पण आहे. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी हे मांडलं की शिकणं म्हणजे जोडण्या तयार करणं, ज्ञान एका डोक्यात न राहता माणसांच्या आणि साधनांच्या जाळ्यात राहतं. २००८ साली त्यांनी मॅनिटोबा विद्यापीठातर्फे यावरच एक कोर्स घेतला, फी भरून पंचवीस विद्यार्थी आणि बाहेरून फुकट दोन हजारांच्या वर माणसं. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे आणि रोज सगळ्याचा गोषवारा ईमेलने यायचा. पुढे जे मोठमोठे ऑनलाइन कोर्स निघाले त्यांचं मूळ तिथे, पण त्या पुढच्यांनी जोडण्यांचा भाग टाकून दिला आणि व्हिडिओ-चाचणी-सर्टिफिकेट एवढंच ठेवलं, हे माझं मत.

भावी शिक्षकांनी आत्तापासून सार्वजनिक लिहावं. ब्लॉग काढ पाटीवाली. दहा जणांच्या बंद ग्रुपात हा बल्बचा किस्सा पडून राहिला तर बाकीच्या शाळांना कसा कळणार?

खडूफळा

टोरांटोकर, इथे असहमत. आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा मोठं लिहितो.

ताईंच्या गोष्टीत बघा काय झालं. तास फसला. फसल्याचा फोटो त्यांनी अर्ध्या तासात ग्रुपवर टाकला. का टाकता आला? कारण तिथे दहा-बाराच माणसं, आणि त्यात साहेब कुणी नाही. आमच्या तालुक्याच्या ग्रुपात विस्तार अधिकारी आहेत, केंद्रप्रमुख आहेत, पंचायत समितीचे पदाधिकारी पण कुणीतरी ॲड करून ठेवलेत. तिथे 'माझ्या चौथीच्या नऊ मुलांना वजाबाकीत हातचा अजून जमत नाही, काय करू' असं मी लिहीन? लिहिलं की दुसऱ्या दिवशी शाळाभेट. त्यामुळे तिथे काय येतं, तर आकाशकंदील, राखी, कागदी पिशव्या, परसबाग. सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असतं. पाचशे शिक्षकांच्या ग्रुपमध्ये वर्षभरात एकाचा पण तास फसत नाही, असा तालुका देशात दुसरा नसेल.

ब्लॉगवर तर अजूनच. नाव घालून लिहिणार, मुख्याध्यापक वाचणार, संस्था वाचणार. तुमच्याकडे चालत असेल.

गणिताचीताई

खडूफळा, अगदी अगदी. अनुमोदन.

केंद्राबाहेर

लॉगिन करावंच लागलं. मी केंद्रप्रमुख आहे. (दगड मारण्याआधी वाचा.)

खडूफळा म्हणतात ते खोटं नाही. पण ग्रुपात साहेब नसला की आपोआप शिकणं सुरू होतं हे पण खरं नाही, निम्मे बिनसाहेबी ग्रुप पेन्शन आणि बदल्या यावरच चालतात. माझ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी एक पद्धत ठेवलीय, पहिला अर्धा तास 'अडलंय' एवढाच विषय, त्यात मी पण माझं सांगतो आणि त्या अर्ध्या तासाचं इतिवृत्त लिहायचं नाही. पहिल्या काही परिषदांत कुणी बोललं नाही. नंतर एक निवृत्तीला आलेल्या बाई बोलल्या, त्यांना काय कुणाची भीती, मग बाकीचे सुटले.

दुसरं, उघडं ठेवलं की पसरतं हे टोरांटोकरांचं म्हणणं बरोबर, पण काय पसरतं ते बघा. कुमठे बीटचं ज्ञानरचनावादाचं (मुलांनी स्वतः करून ज्ञान घडवायचं) काम बघायला राज्यभरातून शिक्षक साताऱ्याला गेले, पदरमोड करून गेले, ही मोठीच गोष्ट होती. परत आल्यावर गावोगावी काय झालं? फरशीवर ऑइलपेंटने वर्तुळं, शंभरापर्यंतचे चौकोन, सापशिडी. रंग सगळीकडे पोचला. मुलं गटात बसून काय करतात, शिक्षक गप्प कधी बसतो, ते फोटोत येत नाही म्हणून ते कमी ठिकाणी पोचलं. क्यूआर कोडचंही थोडं तसंच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला कोड चिकटवले तेव्हा त्या मुलांना काय लागतं ते बघून आतला मजकूर स्वतः केलेला होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली, हे सगळ्यांना पाठ आहे. मजकूर स्वतः करायचा हे किती जणांनी उचललं?

खडूफळा

साहेब, तुमच्या केंद्रात बदली मिळेल का?

केंद्राबाहेर

पोर्टलवर अर्ज करा :)

अभियोग्यताग्रस्त

सगळे बी.एड.वाल्या ताईला वर्गाच्या गोष्टी सांगताय, वर्ग मिळायच्या आधीचं कुणी बोलेना.

ताई, पदवी हातात आली की तुमचं हे बल्बचं जाळं बाजूला पडेल आणि खऱ्या जाळ्यात याल. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. अभियोग्यता २०० मार्कांची, १२० अभियोग्यता आणि ८० बुद्धिमत्ता, २०० प्रश्न दोन तासांत. त्यात तुमच्या एकसर जोडणीचा एक प्रश्न नाही, मुलाच्या डोक्यात काय बसलंय ते कसं ओळखायचं याचा तर नाहीच. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला. मधल्या वर्षांत आम्ही काय केलं असेल? टेलिग्रामवर अंकमालिका सोडवल्या. माझ्याएवढं शिकण्याचं जाळं कुणी वापरलं नसेल, रोज पहाटे पाचला टेस्ट, सातला चर्चा, राज्यभरातली पोरं. फरक इतकाच की आम्ही एकमेकांचे स्पर्धक, तरी शॉर्टकट वाटायचो. आणि निवड झाली तर तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला १६ हजार मानधन, तेही २०२३ ला वाढलं, आधी ६ हजार होतं.

आणि आता सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्यांनाही टीईटी लागणार म्हटल्यावर आमच्या पहाटेच्या ग्रुपात पंचेचाळिशीचे सर पण आलेत. तेच सगळ्यात आधी हजर असतात.

निवृत्त_मास्तर

वाईट वाटलं वाचून. पण ते पंचेचाळिशीचे सर पहिल्यांदा विद्यार्थी झालेत बऱ्याच वर्षांनी, त्यांना विचार, त्यांचा वर्ग त्यांना आता वेगळा दिसतो का.

अभियोग्यताग्रस्त

विचारलं मास्तर. म्हणाले, घड्याळ लावून पेपर सोडवायला लागल्यापासून मुलांना 'लवकर लवकर' म्हणायचं बंद केलंय.

आईसाहेब_कोथरूड

मी शिक्षक नाही, पालक आहे. एक काडी टाकून जाते.

तुम्ही सगळे शिक्षकांच्या फोनबद्दल बोलताय, मुलांच्या फोनचं काय? 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं आहे, ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६. आमच्या घरी शाळेच्या ग्रुपवर होमवर्क येतो, तो बघायला म्हणून फोन घेतला की तासाने परत मिळतो. होमवर्क डायरीत लिहून द्यायला काय हरकत आहे?

गणिताचीताई

आईसाहेब, काही हरकत नाही, आणि मी तेच करते. फोन माझ्या हातात, मुलांच्या हातात वही.

पाटीवाली, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. खासगी शाळेत आहे, दहावीला गणित. मला जिओजेब्राने (भूमितीच्या आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर) फायदा झाला, पण तो मला झाला, मुलांना नंतर. स्पर्शिकेचा, आंतरलिखित कोनाचा, त्या आकृत्या मी स्वतः ओढून-ताणून बघितल्या तेव्हा मलाच कळलं की मी इतकी वर्षं एकाच प्रकारची आकृती फळ्यावर काढत होते, म्हणून मुलांना कोन दुसरीकडे गेला की ओळखू येत नव्हता. आता खडूनेच काढते, पण पाच वेगवेगळ्या काढते. तास बघायला आलेल्या माणसाला यात तंत्रज्ञान औषधालाही दिसणार नाही.

एआयचं कुणी काढलं नाही अजून म्हणून आश्चर्य वाटतंय. आमच्याकडे आंतरवासितेला आलेल्या मुलींची टाचणं बघितली, सगळ्यांची एकच भाषा, 'विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासा जागृत करून...', आणि सगळ्यांच्या वर्गातली काल्पनिक मुलं अचूक उत्तरं देतात. 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात एकही चुकीचं उत्तर नाही. एकीला म्हटलं, त्यालाच विचार की या घटकात मुलं कुठे चुकतात. तिने विचारलं तर बरी यादी आली की! पण यादीतली कुठली चूक आपल्या वर्गातली, ते वह्या तपासल्याशिवाय नाही कळत. वह्या तपासायला तिला वेळ नव्हता, टाचण सुशोभित करत होती.

आगाऊ_कार्टं

टेलिग्रामवरून टाचण उतरवणं ते एआयकडून टाचण लिहवून घेणं, हीच आमची तंत्रज्ञान क्रांती. आमच्या बॅचला एकाने पीडीएफ जसंच्या तसं दिलं, खाली चॅनेलचं नाव आणि 'जॉइन करा' पण छापून आलेलं.

केळशीकर

=)) =)) मॅडमनी जॉइन केलं का?

पाटीवाली

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

टोरांटोकर दादा, ब्लॉगचं पटतंय पण खडूफळा सरांचं जास्त पटतंय. मी अजून पास व्हायचेय, फसलेले तास जगजाहीर करण्याएवढं धाडस नाही. अभियोग्यताग्रस्त, तुमचं वाचून पोटात गोळा आला, पहाटेच्या ग्रुपची लिंक व्यक्तिगत निरोपाने पाठवा.

वरती कुणी विचारलं नाही तरी सांगते, बल्बच्या त्या प्रकरणात फेटचं सिम्युलेशन पण वापरलं, कोलोरॅडो विद्यापीठाची साइट आहे, पुष्कळ सिम्युलेशन मराठीत आहेत. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, मी पेनड्राइव्हवरून स्टाफरूमच्या लॅपटॉपवर टाकलं. त्यात वायरीतून ठिपके पळताना दिसतात, दोन्ही बल्बच्या आधी-नंतर सारख्याच वेगाने. अदलाबदलीनंतर दाखवलं म्हणून ठिपके मुलांना पटले. खडूफळा सर, टेकडीवर एकदा जाऊन उतरवून ठेवता येईल.

आता आमच्या बॅचचे आठ-नऊ जण वेगवेगळ्या शाळांत आहेत, त्यांचा एक ग्रुप काढावा म्हणते. नियम काय ठेवावेत?

केंद्राबाहेर

एक, मुलांचे चेहरे आणि नावं नकोत, वहीचा किंवा फळ्याचाच फोटो. हे आत्ताच लावून घ्या, नंतर सवय मोडत नाही. बाकीचे नियम आपोआप पडतील.

खडूफळा

दोन, सुविचार टाकणाऱ्याने चहा पाजायचा.

चहाबाज

मला ॲड करा.

गणिताचीताई

तीन, प्रश्न विचारताना मुलांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाकायचं, 'मुलांना कळत नाही' एवढंच नाही लिहायचं.

पाटीवाली

ताई, मग पहिला इथेच टाकते, बघा जमतंय का. नववी, 'गतीचे नियम'. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. त्यावरची बलं बाणाने दाखवा म्हटलं. बहुतेकांनी दोन बाण काढले, खाली लहान आणि वर मोठा. एकीने बाजूला लिहिलंय, 'वरचे बल हळूहळू संपत जाते, संपले की चेंडू खाली येतो.' वाचायला इतकं पटण्यासारखं आहे की काय बोलावं कळेना.

खडूफळा

मी प्राथमिकचा माणूस, पण मी सुद्धा दोनच बाण काढले असते. वर जातोय म्हणजे वर कुणीतरी ढकलतंय ना? यात चूक कुठेय ते आधी मला सांगा, मग मुलांना.

टोरांटोकर

हे जगभर होतं, माझ्या वर्गातही. सर, चेंडू हातातून सुटल्यावर त्याला वर ढकलायला शिल्लक कोण राहिलं? हवा वर ढकलत नाही, हात लांब राहिला. खाली ओढणारी पृथ्वी तेवढी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच. वर जातो तो हाताने दिलेल्या वेगामुळे, आणि तो वेग कमी होतोय. त्या मुलीने 'संपत जाते' म्हटलंय ते बरोबरच आहे, फक्त संपणाऱ्या गोष्टीला तिने बल म्हटलंय. पाटीवाली, तिचं वाक्य फळ्यावर लिही आणि वर्गाला विचार की हे जे संपतंय ते कोण लावतंय? ज्याच्यावर बल आहे त्याला लावणारा दाखवता आला पाहिजे, एवढी एकच अट घाल.

खडूफळा

थांबा थांबा. मग सगळ्यात वर, जिथे चेंडू क्षणभर थांबतो, तिथे बल शून्य ना?

गणिताचीताई

नाही सर, तिथे पण तेवढंच. शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.